पत्र्याच्या कोठीचा टाका



मागच्या पावसाळ्यात वसई तालुक्यात एका घरी भाताची कोठी पाहिली. जस्ती पत्रा नवा, झळाळी शाबूत. तरी सांध्यालगतच्या भाताला ओल लागून त्यात किडे झाले होते. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, टाके तर घट्ट आहेत. मग ओल शिरली कुठून?"

प्रश्न रास्त होता. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखाने पुष्कळ आहेत. अशा कारखान्यांत पातळ पत्रे जोडण्याची एक रीत म्हणजे स्पॉट वेल्डिंग. एकावर एक ठेवलेले पत्रे दोन तांब्याच्या टोकांमध्ये दाबतात आणि क्षणभर हजारो अँपिअर वीज सोडतात. दोन पत्रे जेथे भेटतात तेथे विजेला अडथळा अधिक, म्हणून उष्णताही तेथेच अधिक. तेथले लोखंड वितळते आणि दाबाखाली थिजून मसुराएवढी गाठ बनते. हाच टाका.

जस्त मात्र सुमारे ४२० अंशांवर वितळते; लोखंडाला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणून जस्त आधी वितळून बाजूला सरते. साध्या पत्र्यापेक्षा येथे वीज जास्त लागते. शिवाय जस्त तांब्याच्या टोकांना चिकटून ती लवकर खराब होतात. टोके वेळेवर घासली नाहीत तर टाका कच्चा राहतो, आणि वरून तो पक्क्यासारखाच दिसतो.

म्हणून कोठी करवून घेताना त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर टाका मारून मागावा. पट्ट्या पकडीने सोलून पाहाव्यात. एका पट्टीला भोक पडून तिचा तुकडा दुसरीला चिकटून राहिला, तर टाका पक्का. दोन्ही पट्ट्या अलगद सुटल्या, तर कच्चा.

आता ओलीचे. टाका पत्रे धरून ठेवतो, पण दोन टाक्यांमधली फट बुजवत नाही. त्यातून दमट हवा आत जाते. टाक्यापाशी जस्तही कमी झालेले असते, त्यामुळे आपल्या खाऱ्या हवेत गंज तेथूनच सुरू होतो. तेव्हा सांधा बाहेरून लांबीने पूर्ण बुजवून घ्यावा आणि टाक्यांवर बाहेरून जस्ताचा रंग द्यावा. आतून रंग लावू नये.

कोठी भरण्यापूर्वी रात्री आत पेटती बॅटरी ठेवून झाकण लावा. सांध्यातून उजेड दिसला, तर तेथे लांबी पुन्हा भरा. मगच चांगले वाळलेले भात आत ओता.