व्हिसावांचून सर्बिया

सर्बियाला जावयास भारतीयांस व्हिसा लागत नाहीं, असें सांगणारे लोक आपल्याकडे अजून भेटतात. एके काळीं तें खरें होतें. सप्टेंबर २०१७ पासून भारताच्या साध्या पासपोर्टावर तेथें तीस दिवस राहतां येत असे. १ जानेवारी २०२३ रोजीं ही सवलत संपली. बेलग्रेडच्या विमानतळावर उतरून पुढें हंगेरी-ऑस्ट्रियाकडे आडवाटेनें सरकणाऱ्यांची संख्या वाढली. युरोपीय संघानें तक्रार केली, आणि त्या संघांत शिरूं पाहणाऱ्या सर्बियानें ती मानली. १९६१ सालीं ज्या नगरींत टिटो, नेहरू आणि नासर अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेस एकत्र बसले, त्याच नगरीच्या बाबतींत हें घडावें, याचें मला थोडें वाईट वाटतें.

तथापि, श्रोतेहो, वाड्याचा मोठा दरवाजा मिटला तरी दिंडी उघडी असते, तसें येथें झालें आहे. ज्याच्या पासपोर्टांत शेंगेन देशांचा, ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्याला सर्बियाचा निराळा व्हिसा न घेतां सहा महिन्यांच्या अवधींत नव्वद दिवसांपर्यंत तेथें राहतां येतें. शेंगेन देशांत वा अमेरिकेंत राहण्याचा परवाना असणारासहि हीच मुभा आहे. मात्र तो व्हिसा सर्बियांतील मुक्काम संपेपर्यंत चालू असला पाहिजे. दहा तारखेपासून लागू होणारा व्हिसा दाखवून पांच तारखेस बेलग्रेडला उतरतां येणार नाहीं.

खरी गोम पुढेंच आहे. शेंगेन म्हणजे आपापसांतील सीमांवरची तपासणी काढून टाकणाऱ्या एकोणतीस देशांचा समूह. हंगेरी, क्रोएशिया, रुमानिया, बल्गेरिया हे सर्बियाचे शेजारी त्यांत आहेत; सर्बिया स्वतः नाहीं. आतां समजा, पुण्याचें एक कुटुंब व्हिएन्ना आणि बुडापेस्ट पाहून, ‘जवळच तर आहे’ म्हणून बेलग्रेडला गेलें. डॅन्यूब व सावा यांचा संगम पाहिला, निकोला टेस्लाचें संग्रहालय पाहिलें, आणि परतीचें विमान व्हिएन्नाहून म्हणून माघारी हंगेरीच्या सीमेवर आलें. तेथें अधिकारी व्हिसाच्या चिठ्ठीवरील प्रवेशसंख्येचा रकाना पाहतो. त्यांत ‘०१’ असेल, तर तो एक प्रवेश पहिल्याच दिवशीं व्हिएन्नाला खर्च झाला! मुदतीचे दिवस कितीहि उरलेले असोत, आंत घेतलें जात नाहीं. बायकामुलांसह, सामान हातांत, परतीचीं तिकिटें खिशांत, अशा स्थितींत ही गोष्ट कळणें फार महाग पडतें. रकान्यांत ‘०२’ किंवा ‘मल्ट’ असें असलें तर चिंता नाहीं. एकच प्रवेश असल्यास सर्बिया आधीं पाहावा, शेंगेन नंतर, आणि स्वदेशीं तिकडूनच निघावें. उलट क्रमानें जाणें अगदींच भाग असेल, तर एकदां वापरलेला व्हिसा चालतो कीं नाहीं, हें नवी दिल्लींतील सर्बियन वकिलातीस लेखी विचारावें. नियम बदलतात हें आपण वर पाहिलेंच आहे. तेव्हां एरव्हींहि निघण्यापूर्वीं एकदां विचारून घेतलेलें बरें.

व्हिसा नको याचा अर्थ विचारपूस नको असा नव्हे. कोठें उतरणार, परत कधीं जाणार, खर्चास पैसे आहेत काय, हें सीमेवरील अधिकारी विचारूं शकतो. त्याचें समाधान न झाल्यास परतहि पाठवूं शकतो. हॉटेलची नोंद व परतीचें तिकीट कागदावर छापलेलें असावें. परक्या देशांत मोबाइल ऐन वेळीं दगा देतो.

कोसोव्होविषयीं एक सूचना. त्यानें २००८ सालीं स्वातंत्र्य जाहीर केलें, पण सर्बियाला तें मान्य नाहीं. आल्बानिया किंवा उत्तर मॅसिडोनियाकडून कोसोव्होंत शिरून तसेंच सर्बियांत जाऊं लागल्यास, सर्बियाच्या दृष्टीनें तुम्ही परवानगीवांचून आलेले ठरतां, आणि सीमेवर अडवले जातां.

मुक्कामीं पोहोंचल्यावर चोवीस तासांच्या आंत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलांत ती हॉटेलवालेच करितात. मुलाच्या वा स्नेह्याच्या घरीं उतरलांत, तर ती यजमानानें करावयाची असते, आणि पाहुणचाराच्या गडबडींत नेमकी तीच राहून जाते. नोंदीची पांढरी चिठ्ठी मिळते. ती देश सोडीपर्यंत पासपोर्टांतच ठेवावी.