तक्त्यावरची तिरकी रेघ

रेल्वेत नोकरीला असलेल्या मामांनी एकदा मला गाड्यांचा तक्ता दाखवला. एका बाजूला स्थानके, दुसऱ्या बाजूला वेळ आणि गाडीगणिक एक तिरकी रेघ. मला तर ते पोराने गिरगटलेले चित्रच वाटले! मामा हसले. “एकेरी मार्गावर दोन रेघांनी एकमेकींना छेदायचे ते स्थानकातच,” ते म्हणाले. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली.

करमाडचा मार्गही २०२० साली एकेरीच होता. टाळेबंदीत गाड्या बंद असतील असे समजून जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे त्यांतले १६ जण मालगाडीखाली गेले. मालगाड्या चालूच होत्या. त्यांच्या रेघा तक्त्यावर पडतच होत्या. पायी चालणाऱ्याची रेघ त्यावर कोणी काढीत नाही.

करमाड आले की मी अजून खिडकीबाहेर पाहत गप्प बसतो.