शाळकरी मुलांचे हक्क आणि अमेरिकेची राज्यघटना

अमेरिकेतील बहुतेक सरकारी शाळांत दिवसाचा आरंभ एका ठरीव विधीने होतो. मुले निशाणाकडे तोंड करून उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवतात आणि राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. फ्रान्सिस बेलामी नावाच्या बॅप्टिस्ट पाळकाने ती १८९२ साली लिहिली. तीत देवाचा उल्लेख नव्हता. तो १९५४ साली अमेरिकन काँग्रेसने घातला आणि त्यासाठी खटपट करणाऱ्यांत नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिकांची संघटना पुढे होती. आता एखाद्या मुलाने ही प्रतिज्ञा म्हणावयास नकार दिला, तर शाळेने काय करावे? या साध्या प्रश्नात त्या देशाच्या नागरिकशास्त्राचा निम्मा धडा सामावलेला आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली, तेव्हा तीत नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. पुष्कळांनी त्याबद्दल हाकाटी केली आणि १७९१ साली दहा दुरुस्त्या तीस जोडण्यात आल्या. त्यांनाच हक्कांची सनद म्हणतात. त्यांतील पहिली दुरुस्ती धर्म, भाषण आणि मुद्रण यांचे स्वातंत्र्य, शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आणि सरकारकडे दाद मागण्याचा हक्क यांचे रक्षण करते. आरंभी हे बंधन केवळ मध्यवर्ती सरकारावर होते. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ न्यायालये पुढे जसजसा लावत गेली, तसतसे ते राज्यांवर आणि राज्यांच्या शाळामंडळांवरही आले.

पेनसिल्व्हेनियातील माइनर्सव्हिल हे लहानसे गाव. तेथील एका भावाबहिणीने १९३५ साली निशाणास वंदन करण्याचे नाकारले. ही मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची होती. निशाणास वंदन करणे म्हणजे मूर्तीपुढे वाकणे, असे तो पंथ मानतो. शाळेने त्यांना काढून टाकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३ जून १९४० रोजी आठ न्यायमूर्तींनी शाळेच्या बाजूने व एकाने मुलांच्या बाजूने मत दिले. हिटलरचे सैन्य त्या वेळी फ्रान्समध्ये घुसले होते. राष्ट्राच्या ऐक्याहून मोठे हित नाही, असा न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या निकालपत्राचा सूर होता. परिणाम भयंकर झाला. या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी जमावांनी हल्ले केले आणि मेन राज्यातील केनेबंक गावी त्यांचे सभागृह जाळण्यात आले.

या निकालाच्या बळावर वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षणमंडळाने जानेवारी १९४२ मध्ये निशाणवंदन सक्तीचे केले. नकार देणाऱ्या मुलास शाळेतून काढावे आणि मग गैरहजेरीबद्दल आईबापांस दंड व कैद व्हावी, अशी तजवीज होती. म्हणजे मुलास दाराबाहेर घालवावयाचे आणि ते दाराबाहेर का, म्हणून बापास तुरुंगात टाकावयाचे! चार्ल्स्टन शहराजवळच्या प्राथमिक शाळेतील दोन बहिणींनी हात उचलला नाही. त्यांच्या वडिलांचे आडनाव बार्नेट. न्यायालयाच्या दप्तरात त्याचे अक्षर चुकले आणि खटला चुकीच्याच नावाने प्रसिद्धीस आला.

१४ जून १९४३ रोजी, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या ध्वजदिनी, न्यायालयाने आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी फिरविला. युद्ध तेव्हाही चालूच होते. निकालपत्र न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले; पुढे न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांविरुद्ध अमेरिकेतर्फे उभे राहिलेले मुख्य वकील तेच. हक्कांची सनद याचसाठी केली की काही गोष्टी मतदानाच्या आटोक्याबाहेर राहाव्यात, आणि कोणाही अधिकाऱ्याने नागरिकाच्या तोंडून आपल्या पसंतीचे मत वदवून घेऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांनी निकाल केवळ धर्मस्वातंत्र्यावर आधारला नाही, भाषणस्वातंत्र्यावर आधारला, हे ध्यानात घ्यावयास हवे. बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचा हक्कही येतो. म्हणून धर्माचे कारण न देताही तेथील विद्यार्थी आज प्रतिज्ञेच्या वेळी मुकाट राहू शकतो.

या पंथाची शिकवण आपणांस मान्य नाही, हे खरे. परंतु वाचकहो, ओरेगॉन राज्याची हकिगत ऐका. तेथील मतदारांनी १९२२ साली असा कायदा मंजूर केला की आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. त्यामागे कू क्लक्स क्लॅन होती आणि रोख मुख्यतः कॅथलिक शाळांवर होता. ‘होली नेम्स’ संघाच्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द ठरविला. बहुमताच्या तडाख्यात आपलीही मुले सापडू शकतात, ते असे.

पुढे १९६५ च्या डिसेंबरात आयोवातील दे मॉइन शहरी काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धातील मृतांच्या शोकार्थ दंडास काळी फीत बांधून शाळेत आले व घरी धाडले गेले. १९६९ साली न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. शाळेच्या कामात खरा व्यत्यय येत असेल तरच मनाई करता येईल, असे ठरले. ही मुभा अमर्याद नाही. सबळ संशय असल्यास शिक्षकांस विद्यार्थ्याची पिशवी तपासता येते (१९८५). वर्गात तयार होणाऱ्या शालेय वृत्तपत्रावर मुख्याध्यापकास कात्री चालविता येते (१९८८). मात्र थोड्या दिवसांसाठी शाळेतून काढावयाचे झाले, तरी आरोप सांगून मुलाचे म्हणणे ऐकावे लागते (१९७५). शिवाय ही दुरुस्ती सरकारास बांधते, खासगी संस्थेस नव्हे. तेव्हा ज्या शाळा धर्मभगिनींनी वाचविल्या, त्यांतील विद्यार्थ्यास आपल्या मुख्याध्यापकांपुढे हिचा आधार सामान्यतः घेता येत नाही! तेथे मुलांना घालण्यापूर्वी आईबापांनी शाळेचे नियम वाचलेले बरे.

बार्नेट खटल्याचा निकाल आपल्या देशातही येऊन पोहोचला. केरळात १९८५ साली त्याच पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, परंतु गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही अमेरिकन निकाल तपासले, भारतीय राज्यघटनेची १९ वी व २५ वी कलमे पाहिली, आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला.