सूर्याहून तप्त ज्योत

रस्त्याच्या कडेला वेल्डिंग चालू असले, की आई मुलाचे तोंड दुसरीकडे फिरवते आणि म्हणते, "तिकडे बघू नको रे!" तिचे बरोबरच आहे. आज ज्याची हकीकत सांगायची, ते प्लाझ्मा वेल्डिंग म्हणजे त्याच घराण्यातले एक तिखट अपत्य.

वायू अतोनात तापला, की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वीज वाहू लागतो. या अवस्थेला लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ साली 'प्लाझ्मा' हे नाव दिले. पुढे रॉबर्ट गेज यांनी विजेची ज्योत तांब्याच्या तोटीच्या बारीक भोकातून दाबून काढली. १९५७ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. या ज्योतीच्या गाभ्यात वीस हजार अंशांपर्यंत उष्णता असते. सूर्याच्या पृष्ठभागावर ती साडेपाच हजारच!

तांबे तर १०८५ अंशांना वितळते. मग तोटी टिकते कशी? तिच्या पोटातून पाणी खेळत असते म्हणून. त्यामुळे यंत्र सुरू करण्याचा क्रम ठरलेला: आधी पाणी, मग आर्गॉन वायू, शेवटी ठिणगी. आतली टंगस्टनची कांडी भोकाच्या बरोबर मध्यावर हवी. कलली, की ज्योत तोटीलाच खाते. काम संपले तरी वायू थोडा वेळ चालूच ठेवायचा, नाहीतर तापलेली कांडी हवेने जळते.

डोळ्यांचे दुखणे मोठे फसवे. काचेशिवाय पाहिले तर त्या क्षणी काही वाटत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून गडद काचेचा मुखवटा आणि पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा हवाच. तेलकट भाग पुसायची क्लोरीनयुक्त द्रावणे जवळपास नकोत. ज्योतीच्या अतिनील किरणांनी त्यांच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पण मला खरी धास्ती वाटते ती गरीब दिसणाऱ्या आर्गॉनची. त्याला ना रंग, ना वास. हवेहून जड असल्यामुळे तो टाकीच्या किंवा खड्ड्याच्या तळाशी साचतो आणि प्राणवायूला हुसकून लावतो. आत उतरलेला माणूस गुदमरल्याचे न कळताच कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावलेला सोबतीही त्याच्याच शेजारी पडतो. म्हणून अशा जागी आधी पंख्याने हवा खेळती करायची, प्राणवायू मोजायचा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. आतला पडला तरी त्याने आत उडी घ्यायची नाही. हाका मारून मदत आणायची, वायूची चावी बंद करायची आणि आतल्याच्या कमरेला आधीच बांधलेली दोरी ओढायची.