खुबा बदलला, पण उकिडवं बसायचं कसं?

खुब्याचं सांधेरोपण म्हटलं की साठी उलटलेला माणूस आणि झिजलेला सांधा डोळ्यांसमोर येतो. मुलचेरा तालुक्यात मात्र काठी टेकत चालणारा तिशीतला तरुण दिसला, की मी आधी सिकलसेलची चौकशी करतो. गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात हा आनुवंशिक आजार आदिवासींत आहे, इतर समाजांतही आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या मुळात मोजक्याच. त्या तुंबल्या की गोळा आतून मरतो आणि अंगाच्या भाराने चेपतो. मग उपाय एकच उरतो, कृत्रिम सांधा.

इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि टिकाऊ प्लास्टिकची वाटी अशी जोडी बसवायला सुरुवात केली. आजचे सांधे त्याच कल्पनेचे वारस. वेदना थांबवण्यात या शस्त्रक्रियेला तोड नाही. रात्र-रात्र तळमळणारी माणसं झोपू लागलेली मी पाहिली आहेत.

पुढचं आयुष्य कसं गेलं, हे मोजायला जगभर हॅरिस गुणांक वापरतात. अमेरिकेतील विल्यम हॅरिस यांनी तो १९६९ मध्ये मांडला. शंभरपैकी ४४ गुण वेदनेला, ४७ कामकाजाला. कामकाजात काय येतं? जिना, बूट-मोजे, बस, खुर्चीत तासभर बसणं. माझ्या ओळखीच्या एका शेतमजुराला मी हेच विचारलं, तर त्याची बेरीज उत्तम आली. त्याच्या घराला जिना नाही, मोजे त्याने कधी घातले नाहीत. पण रोवणीला तो वाकू शकत नाही, मोह वेचायला उकिडवं बसू शकत नाही आणि पंगतीत त्याच्यासाठी स्टूल आणावं लागतं. त्या स्टुलाची त्याला फार लाज वाटते.

डॉक्टरांनी हे उगाच बंद केलेलं नसतं. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडला आणि पाय आत वळला, तर गोळा वाटीतून निसटू शकतो. मोठ्या गोळ्याच्या नव्या सांध्यांत हा धोका कमी असतो. म्हणून कोणता सांधा बसवला आणि आपल्याला काय चालेल, हे सुटी होण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून घ्यावं. शौचाला कमोडची खुर्ची हवीच. नळाची सोय नसलेल्या घरात पाण्याची बादली कोण उचलणार, हेही तेव्हाच ठरवावं.

दुसरा हिशेब वयाचा. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला अंदाज असा, की सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात. ते रुग्ण बहुतेक उतारवयातले, त्यांना एक सांधा जन्मभर पुरतो. अठ्ठाविसाव्या वर्षी सांधा बसला, तर हीच २५ वर्षं त्रेपन्नाव्या वर्षी संपतात, आणि तेव्हाही शेत कसायचंच असतं. सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाची आणि सांधा सैल होण्याची भीतीही अधिक. सैल होणारा सांधा सुरुवातीला दुखेलच असं नाही, तो एक्स-रेत आधी दिसतो. त्यासाठी दुखत नसतानाही ठरलेल्या तारखेला मोठ्या दवाखान्यात जावं लागतं, म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही.

हॅरिसच्या प्रश्नांखाली मी माझ्या वहीत चार प्रश्न जोडले आहेत: जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का? बांधावरून चालता येतं का? तेंदूच्या हंगामात किती दिवस काम केलं? आणि पंगतीला गेलात का?