इंग्रजी क्रियापदामागचे छोटे शब्द

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्म, समाज आणि शिक्षण यांवर अभ्यासू मंडळींचे लेख असतात. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, पदवी कला शाखेची. त्यामुळे लेखाची मागणी आली तेव्हा थोडा संकोच वाटला. परंतु खिडकीमागे बसून जे दिसते, त्यातले एखादे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले एक शेतकरी आपल्या बारावीतल्या पुतण्याला घेऊन आमच्याकडे आले. हातात कर्ज देणाऱ्या एका संस्थेचे इंग्रजी पत्र होते. पुतण्याने ते घरी वाचून दाखवले होते. कर्जखाते 'रिटन ऑफ' केले आहे, असे त्यात होते. 'रिटन' म्हणजे लिहिले, 'ऑफ' म्हणजे बंद. तेव्हा कर्ज लिहून बंद केले, म्हणजेच माफ झाले, असा अर्थ पोराने लावला. चुलत्यांनी आनंदाने हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे विहिरीच्या पाइपलाइनला घालायचे ठरवले होते. निघण्यापूर्वी सहज विचारून घ्यावे म्हणून ते आले, हे बरे झाले.

'राइट ऑफ' म्हणजे कर्जमाफी नव्हे. वसुलीची आशा कमी झाली की देणारी संस्था ती रक्कम आपल्या हिशेबात तोटा म्हणून दाखवते आणि येण्याच्या यादीतून काढते. पण कर्जदाराचे देणे तसेच राहते व वसुलीही चालू राहू शकते. आम्ही हे समजावले तेव्हा चुलते बराच वेळ गप्प बसून होते. पुतण्या तर रडवेला झाला. त्याला दोन्ही शब्द येत होते. चूक झाली ती दोन शब्द एकत्र आल्यावर होणाऱ्या तिसऱ्या अर्थाची.

क्रियापद आणि त्यामागे एक छोटा शब्द मिळून जो नवा अर्थ तयार होतो, त्याला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकापासून रूढ झाले. पण अडचण जुनीच आहे. १७५५ साली प्रसिद्ध इंग्रजी कोश करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सन यांनीसुद्धा, परकीयांना सर्वांत कठीण जातात ती अशीच क्रियापदे, असे प्रस्तावनेत मान्य केले आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आपल्यालाच जमत नाही असे समजू नका.

एकटा 'ऑफ' घ्या. 'गेट ऑफ' म्हणजे एस.टी.तून उतरणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडणे. मुलाखत 'पुट ऑफ' झाली असेल तर तयारी चालू ठेवायची, 'कॉल ऑफ' झाली असेल तर दुसरीकडे अर्ज करायचा. शब्द दोन अक्षरांचा, पण त्यावर उमेदवाराचे पुढचे सहा महिने अवलंबून!

हा प्रकार आपल्याला परका नाही. मराठीत आपण 'बोलून टाकले', 'बोलून गेला', 'बोलून बसला', 'बोलून दाखवले' असे म्हणतो. यात कोणी काही टाकत नाही, कोठे जात नाही की बसत नाही. तरी चारही अर्थ घरातल्या लहान मुलालाही वेगळे कळतात. संस्कृत-पालीत हेच काम उपसर्ग करतो. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, प्रहार, संहार असे एकमेकांशी न जुळणारे शब्द झाले. आपण पौर्णिमेला ज्या विहारात जमतो, तो 'विहार' हा शब्दही त्याच धातूचा. फरक इतकाच की आपल्याकडे उपसर्ग शब्दाच्या पुढे लागतो आणि इंग्रजीत हा छोटा शब्द क्रियापदाच्या मागून येतो.

आता थोडा अवघड भाग. पुष्कळदा या जोडीमागे आणखी एक छोटा शब्द येतो. उदाहरणार्थ, 'वी गेट ऑन विथ अवर नेबर्स', म्हणजे आमचे शेजाऱ्यांशी जमते. येथे 'ऑन' हा 'गेट'चा जोडीदार आहे. 'विथ' मात्र क्रियापदाला पुढच्या नामाशी जोडतो. हे आपले शब्दयोगी अव्ययाचे किंवा प्रत्ययाचे काम. आपण 'टेबलावर' म्हणतो, इंग्रज 'ऑन द टेबल' म्हणतो. आपला 'वर' नामाच्या नंतर, त्यांचा 'ऑन' नामाच्या आधी. 'शेजाऱ्यांशी जमवून घेतो' हे वाक्य पाहा. 'जमवून घेतो' ही जोडी, आणि 'शी' हा नामाचा दुवा. भांडणे 'शी', रागावणे 'वर', घाबरणे 'ला', हे जसे आपल्याकडे ठरलेले आहे, तसेच त्यांच्याकडेही कोणत्या जोडीला कोणता दुवा हे ठरलेले आहे. 'द बस रॅन आउट ऑफ डिझेल', म्हणजे बसमधले डिझेल संपले. येथे 'ऑफ'ऐवजी 'फ्रॉम' चालत नाही. 'कीप अप विथ' म्हणजे बरोबरीने टिकून राहणे. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, चालवून घेणे. 'लुक डाउन ऑन' म्हणजे कमी लेखणे, आणि 'लुक अप टु' म्हणजे आदर्श मानणे.

येथे आपल्याकडून नेहमी होणाऱ्या तीन चुका सांगतो.

पहिली चूक सर्वनामाच्या जागेची. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही रूपे चालतात. पण सभेऐवजी 'इट' म्हटले तर 'पुट इट ऑफ' असेच म्हणावे लागते. उलट 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळणे, यात 'आफ्टर' नामाचा दुवा असल्यामुळे 'लुक आफ्टर इट' असेच येते. 'पुट अप विथ इट' यातही 'इट' शेवटीच.

दुसरी चूक अर्जाच्या शेवटी हमखास दिसते. 'आय लुक फॉरवर्ड टु मीट यू' असे मुले लिहितात. पाहिजे 'टु मीटिंग यू'. हा 'टु' क्रियापदाचा नसून नामाचा दुवा आहे. खात्री कशी करायची? 'टु'नंतर एखादे नाम ठेवून पाहा. 'लुक फॉरवर्ड टु दिवाळी' हे बरोबर वाटते, म्हणजे क्रियापद ठेवायचे झाल्यास त्याला 'इंग' लावा. 'वाँट टु दिवाळी' असे होत नाही, म्हणून तेथे 'वाँट टु मीट' हेच बरोबर.

तिसरी चूक 'कोप अप विथ' ही. सुशिक्षितांच्या तोंडीसुद्धा ती ऐकू येते. मूळ रूप 'कोप विथ' एवढेच. 'कीप अप विथ'मधला 'अप' तेथे उगाच घुसला आहे.

आणखी एक गोष्ट. आम्ही पाचवीत इंग्रजी सुरू झालेल्या पिढीचे. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आले. आम्ही शब्दकोशातून 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'ॲबॉलिश' असे भारदस्त शब्द पाठ केले. कार्यालयीन कागद त्यामुळे समजतो. राज्यघटनेच्या १७ व्या कलमात अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तेथे इंग्रजीत 'ॲबॉलिश'च आहे. पण बोलताना माणसे 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'डू अवे विथ' असे म्हणतात. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच-लॅटिन शब्दांचा भरणा झाला. घरातले बोलणे मात्र बरेचसे जुन्या छोट्या शब्दांतच राहिले. आपल्याकडे 'स्थगित करणे' कागदावर आणि 'पुढे ढकलणे' तोंडात, तसेच हे. खेड्यातला हुशार मुलगा पुण्याच्या मुलाखतीत अडखळतो, तो पुष्कळदा येथेच. ज्ञान कमी नसते, रोजच्या बोलण्यातले हे छोटे शब्द कानावरून गेलेले नसतात.

उपाय सोपा आहे. सुट्या शब्दांची यादी करू नका. क्रियापद, जोडीदार आणि दुवा एका दमात, आपल्या रोजच्या वाक्यासह वहीत उतरवा. 'आय गॉट ऑफ ॲट मंचर.' 'द शॉप रॅन आउट ऑफ शुगर.' 'शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर.' रोज दोन वाक्ये लिहिली तरी वर्षात सातशेच्या वर होतात. घोडेगाव ते मंचर एस.टी.च्या प्रवासातही ती सहज घोकून होतील.

त्या चुलत्यांनी पाइपलाइन पुढे ढकलली आणि हप्ते भरायला सुरुवात केली. पुढे एके दिवशी ते दोघे पुन्हा आले. हातात पुन्हा इंग्रजी पत्र होते. या वेळी आम्ही हात पुढे केला नाही. पुतण्यालाच मोठ्याने वाचायला सांगितले. खाते 'पेड ऑफ' झाले होते. त्याने चुलत्यांकडे पाहून शांतपणे अर्थ सांगितला, "तात्या, फिटलं." अर्थ अगदी बरोबर होता.