पडलेला दात फेकू नका

मंडळी, शाळेच्या पटांगणात हुतूतूचा डाव रंगात आला आहे. दोन पोरं एकमेकांवर आदळतात आणि एकाच्या तोंडातून भळाभळा रक्त येतं. गुरुजी धावतात, तोंड धुतात, हळद दाबतात. पुढचा दात मुळासकट मातीत पडलेला असतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. फार तर एखादं पोर तो उचलून कौलावर भिरकावतं. दुधाच्या दाताची तशी चालच आहे ना!

पण थांबा. मूल दहा-बारा वर्षांचं असेल, तर पुढचा दात दुधाचा नव्हे. पुढचे दुधाचे दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पडून तिथे कायमचे येतात. कायमचा दात गेला की दुसरा उगवत नाही. मात्र निखळलेला दात पुन्हा जागी बसवता येतो आणि पुष्कळदा तो धरतोही. अट एकच, वेळ दवडता कामा नये.

असं का? दाताच्या मुळावर एक पातळ, जिवंत आवरण असतं. त्याच्याच आधारानं दात हाडाला धरून राहतो. उपटलेलं रोप उन्हात टाकलं तर वाळतं, ओल्या फडक्यात गुंडाळलं तर पुन्हा जीव धरतं. दाताचंही तसंच. तो कोरडा राहिला तर अर्ध्या तासात आवरण मरू लागतं. तासाभरानंतर आशा थोडीच उरते.

तेव्हा असं करा. एरवी तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून दात उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधात क्षणभर बुचकळा. घासू नका, साबण लावू नका, पुसू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल, तर दात सुलट धरून खाचेत हळूच सरकवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. हे जमत नसेल, तर दात गार दुधाच्या पेल्यात ठेवा. दूध नसेल, तर मुलाचीच लाळ वाटीत घेऊन तीत ठेवा. साधं पाणी तितकं चांगलं नाही, पण कोरड्या पुडीपेक्षा तेही परवडलं. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, आतल्या नव्या दाताला इजा होते. ओळख पटत नसेल तर दात पेल्यातूनच न्या, डॉक्टर ठरवतील.

आता न्यायचं कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचे डॉक्टर बहुधा नसतात. जिल्हा रुग्णालयात आणि पुष्कळ उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत ते असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पण जवळच्या गावात खाजगी दंतवैद्य असेल, तर आधी तिथेच जा. निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर आहेत ना, हे विचारा. धनुर्वाताच्या सुईचीही आठवण द्या.

दाढेच्या ठणक्याचंही सांगतो. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भराव्यात. हिरडीवर मशेरी किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून धरू नये, हिरडी भाजते. गाल सुजला तर वरून शेकू नये. सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर ते दुखणं आता नुसतं दाताचं राहिलं नाही. सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा. मार लागल्यावर मूल बेशुद्ध झालं, ओकू लागलं किंवा त्याचा जबडा जुळेना, तरीही हेच करा; दाताचं मागाहून पाहता येईल.

दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी ठेवून वीस-तीस मिनिटं घट्ट चावून धरा. सारखं थुंकू नका, चुळा भरू नका, गाठ निघून जाते. तरीही रक्त वाहतच राहिलं, तर डॉक्टरांकडे जा.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. जवळच्या दंतवैद्याचा आणि रुग्णालयाचा फोन नंबर आजच विचारून घ्या. एका कागदावर ते नंबर आणि खाली ‘पडलेला दात दुधात’ एवढं लिहून तो वर्गाच्या भिंतीवर लावा. पोरांना पाठ होऊ द्या. वेळ येईल तेव्हा गुरुजी जवळ नसले, तरी एखादं पोर दुधाचा पेला आणायला धावेल.